घरी जुळवलेली आरडी ३५० : डावा कार्बोरेटर शहाणा, उजवा हट्टी

कोपरीकर | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी, दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. घेतली असं म्हणवत नाही, जुळवली. फ्रेम आणि आरसी बुक बदलापूरच्या एका गृहस्थांकडून, इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गोणीत भरून, टाकी मित्राच्या माळ्यावरून. ठाण्याच्या कोपरीत बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये चार वर्षं रविवार-रविवार करत जोडली. क्रँक बाहेरून करून आणला, बोअर आणि पिस्टन नवे, रीड (मिश्रण इंजिनात सोडणाऱ्या झडपांच्या पट्ट्या) बदलल्या. कार्बोरेटर दोन्ही मिकुनीचे, २८ एमएम, पण सुटे सुटे मिळाले. डावा इंजिनाबरोबर आला, उजवा नंतर घेतला.

गाडी तिसऱ्या किकला सुरू होते. हाफच्या पुढे अॅक्सिलरेटर पिळला की पळते, काही म्हणजे काही तक्रार नाही. त्रास आहे तो खाली. आयडलवरून हलक्या हाताने रेस द्यायला गेलं की डावीकडून लगेच टर्रर्र, उजवीकडून आधी एक खोकला, मग फट्, मग कुठे साहेब कामावर येतात. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना तर लाजच वाटते. उजवा सायलेन्सरचा पाइप डाव्यापेक्षा उशिरा तापतो.

आत्तापर्यंत केलेलं : दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ, जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांचे) नंबर तपासले, दोन्हीकडे सारखे, नीडलची क्लिप दोन्हीकडे मधल्या खाचेत, फ्लोटची उंची कॅलिपरने सारखी. स्लाइड दोन्ही एकदम उचलल्या जातात, एअर फिल्टरचं रबर काढून समोरून टॉर्च मारून बघितलं. एअर स्क्रू डावीकडे दीड फेरा बाहेर. उजवीकडे मात्र अर्ध्या फेऱ्यावर आणल्याशिवाय आयडलच धरत नाही.

तीन रविवार गेले. बायको म्हणते, गाडी विक आणि मासे पाळ.

---

ढकलस्टार्ट | शनिवार, रात्री १०:५२

वहिनींना +१. माशांना कार्बोरेटर नसतो.

---

शंभरनंबरी | शनिवार, रात्री ११:१५

भावा, हा सगळा ई२० चा प्रताप. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं की तीच जेट गाडीला लीन पडते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मेन जेट दोन नंबर वर चढव. नाहीतर सरळ नवीन कार्बोरेटरची जोडी टाक, ऑनलाइन हल्ली स्वस्तात मिळतात.

---

नेरुळकरीण | शनिवार, रात्री ११:३८

इथेनॉलचं गणित बरोबर आहे, पण निदान चुकतंय. ई२० दोन्ही सिलिंडरला सारखंच मिळतं. एकच टाकी, एकच कॉक. मग डाव्याला त्रास का नाही? आणि मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे. कोपरीकर म्हणतायत वर गाडी छान पळते. जिथे दुखत नाही तिथे मलम लावू नका.

स्वस्तातल्या जोडीबद्दल : वर मिकुनी लिहिलेलं असतं, आत काय असतं ते खोलल्यावर कळतं. मी माझ्या येझदीला एक लावला होता. जेटवरचा नंबर आणि जेटचं भोक यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता.

कोपरीकर, आधी एक सांगा. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कशाने लावलंत? डोळ्याने की डायल गेजने?

---

वाचनमात्र | रविवार, सकाळी ७:२०

मी फक्त वाचणारा. माझ्याकडे ना गाडी ना जागा. पण हे 'मेन जेटचा अंमल पाऊणच्या पुढे' म्हणजे काय, कोणी मराठीत सांगेल का?

---

टूलरूमकाका | रविवार, सकाळी ९:०५

सांगतो. चहा झालाय, नातू झोपलाय.

कार्बोरेटर हा एक स्वयंपाकी नाही, चौघे आहेत, आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. थ्रॉटल बंद असताना आणि जेमतेम आठवा हिस्सा उघडेपर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रू. त्यानंतर पाव हिश्शाच्या आसपास स्लाइडचा कट. स्लाइड म्हणजे अॅक्सिलरेटर पिळला की वर जाणारा तो डबा. त्याच्या खालच्या कडेला, एअर फिल्टरच्या बाजूने, तिरका काप दिलेला असतो. पावापासून पाऊणपर्यंत नीडल आणि ती ज्या नळीत बसते तो नीडल जेट. शेवटी मेन जेट. पाळ्या एकमेकींत मिसळतात, घंटा वाजून बदलत नाहीत. पण तक्रार कुठल्या पाळीत येते ते कळलं की कोणाला उठवायचं ते कळतं.

त्यासाठी हँडलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या हाउसिंगवर चिकटपट्टी लावायची. बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करायच्या. मग चालवताना खोकला नेमका कुठल्या खुणेवर येतो ते बघायचं. आपल्याला वाटतं आपण अर्धा पिळलाय, प्रत्यक्षात पावसुद्धा नसतो. शहरात बहुतेक वेळ माणूस पावाच्या आतच चालवतो.

आणि एअर स्क्रूबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. स्क्रू जर एअर फिल्टरच्या बाजूला असेल, जसा या मिकुनीत आहे, तर तो हवेचा. आत घातला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, सगळं उलटं. यूट्यूबवरचे निम्मे भांडणतंटे यावरूनच.

आता कोपरीकर. उजवा स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर, याचा अर्थ तुम्ही उजव्याला हाताने जेवण भरवताय. तो लीन आहे. का लीन आहे तो प्रश्न. नेरुळच्या ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर आधी द्या. ठिणगी आधी, पेट्रोल नंतर.

---

कोपरीकर | रविवार, सकाळी ११:३०

काका, ताई, धन्यवाद. टायमिंग डायल गेजने, दोन्हीकडे टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) २ एमएम आधी. पॉइंटची फट ०.३५. दोन्ही बाजूंचे पॉइंट वेगळे, त्यामुळे दोनदा तपासलं. प्लग बी८एचएस, नवे. डावीकडचा प्लग उजवीकडे घालून बघितला, खोकला उजवीकडेच राहिला. कॉइलही अदलाबदल केली. तेच.

चिकटपट्टी लावली. खोकला बंदच्या खुणेवरून निघाल्याबरोबर सुरू होतो आणि पावाच्या थोडं पुढे संपतो.

---

गायमुखचा_भुंगा | रविवार, दुपारी १२:१०

उजवा लीन असेल तर त्याचा पाइप जास्त तापायला हवा ना? तुम्ही तर म्हणताय उशिरा तापतो. काहीतरी जुळत नाही.

---

टूलरूमकाका | रविवार, दुपारी १२:४५

प्रश्न चांगला आहे. थोडं लीन असेल तर जळतं आणि तापतं. इतकं लीन झालं की दर दोन-तीन फेऱ्यांत एकदाच पेटतंय, तर चूल थंडच. आयडलला पाइपावर हात ठेवून रिच-लीन ठरवायला जाऊ नका, एवढंच कळतं की कोण काम करतोय आणि कोण रजेवर आहे.

---

नेरुळकरीण | रविवार, दुपारी १:३०

ठिणगी बाद. आता फुकटची हवा. टू-स्ट्रोकला क्रँककेसमधूनच मिश्रण जातं, म्हणून कुठूनही हवा घुसली की ते सिलिंडर लीन. कार्बोरेटर आणि रीडच्या मधलं रबर, रीडचं पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, क्रँकचं सील. आरडीत डाव्या टोकाला अल्टरनेटर, तिथलं सील कोरडं, ते गेलं की बाहेरची हवा. उजव्या टोकाला क्लच, तिथलं गेलं की हवा नाही, गिअरचं तेल आत ओढलं जातं. तुमची तक्रार उजवीकडची, त्यामुळे मला रबर आणि पॅकिंगवर जास्त संशय.

चाचणी अशी. सायलेन्सर काढून एक्झॉस्टला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लॅम्प. कार्बोरेटरच्या जागी रबरी बुच, त्यातून नळी. पंप म्हणून घरातलं जुनं बीपीचं यंत्र, पाऱ्याचं नाही, काट्याचं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, ते साधारण ६ पीएसआय होतं, टू-स्ट्रोकच्या चाचणीला नेमकं तेवढंच लागतं. फुगा दाबून ३०० वर न्या आणि पाचसहा मिनिटं बघत बसा. काटा घसरला तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे, बुडबुडा आला की चोर सापडला. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे तपासा.

ही चाचणी केल्याशिवाय जुळवलेलं टू-स्ट्रोक इंजिन रस्त्यावर काढू नये असं माझं ठाम मत आहे. लीन इंजिन आयडलला खोकतं तोवर ठीक, पूर्ण थ्रॉटलवर लीन झालं तर पिस्टन चिकटतो, आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. क्लचवर दोन बोटं कायम ठेवा.

---

ढकलस्टार्ट | रविवार, दुपारी १:४१

बीपीचं यंत्र इंजिनाला लावल्यावर आईला काय सांगायचं तेही लिहा.

---

नेरुळकरीण | रविवार, दुपारी १:५०

इंजिनाचं बीपी वाढलंय म्हणून सांगा. खोटं नाही ते.

---

कोपरीकर | मंगळवार, रात्री ९:५५

वडिलांचं यंत्र घेतलं, दोन दिवसांत परत करायच्या बोलीवर.

डावं : सहा मिनिटांत ३०० वरून २९२. उजवं : २९०. साबणाला कुठेच बुडबुडा नाही. म्हणजे इंजिन हवाबंद आहे, आणि मी परत होतो तिथेच. आनंद मानू की रडू कळत नाही.

खाली वॉचमनकाका विचारत होते, इंजिनाला ताप आलाय का.

---

शंभरनंबरी | मंगळवार, रात्री १०:२०

मी म्हणत होतो. ई२०.

---

टूलरूमकाका | बुधवार, सकाळी ८:४०

शंभरनंबरी, तुमचं पूर्ण चूक नाही. इथेनॉल ओलावा धरतं, आणि ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत तळाला पाणी वेगळं होऊन बसतं. जुनी रबरं फुगतात. उभी ठेवताना कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. मेन जेटसुद्धा एखादा नंबर वाढवावी लागेल, पण सगळ्यात शेवटी. आणि पेट्रोलमध्ये जास्त टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल घालून 'सुरक्षित' होणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, तेलाने पेट्रोलचीच जागा घेतली, म्हणजे मिश्रण आणखी लीन.

कोपरीकर, आता मला तुमच्या एका वाक्याचा संशय येतोय. 'स्लाइड दोन्ही एकदम उचलल्या जातात, समोरून टॉर्च मारून बघितलं.' समोरून म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूने. तिथून तुम्हाला स्लाइडची कुठली कड दिसते? कापाची. म्हणजे तुम्ही दोन स्लाइड नाही, दोन काप जुळवलेत. काप सारखे असतील तर प्रश्नच नाही. पण तुमचे कार्बोरेटर सख्खे भाऊ नाहीत. सुटे सुटे घेतलेत.

असं करा. दोन ड्रिल बिट घ्या, ३ एमएमचे. दात नसलेली गुळगुळीत बाजू पुढे करून, आडवा झोपवून, स्लाइडच्या खालून पार इंजिनाच्या बाजूपर्यंत सरकवा. तिथली कड स्लाइडची सगळ्यात खालची, तीच खरी. डावीकडे आयडल स्क्रूने अशी उंची ठेवा की बिट जेमतेम घासून जाईल. मग काहीही न हलवता उजवीकडे बघा.

---

कोपरीकर | बुधवार, रात्री ११:१०

काका.

आयडल स्क्रू फिरवून, टॉर्चने दोन्ही कडा डोळ्याला अगदी सारख्या केल्या. डावीकडे ३ एमएमचा बिट गेला. उजवीकडे गेला नाही. अडीचचा गेला.

मग दोन्ही स्लाइड काढून उलट्या केल्या. खाली बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो हे मला माहीतच नव्हतं. डावीवर २.०. उजवीवर २.५.

चार वर्षं!

---

टूलरूमकाका | गुरुवार, सकाळी ८:१५

झालं तर मग. ते आकडे कापाच्या उंचीचे, मिलिमीटरमध्ये. मोठा काप म्हणजे जास्त हवा, म्हणजे त्या पाळीत लीन. हा पहिला घाव. दुसरा घाव तुम्ही स्वतः घातलात. समोरून कडा जुळवल्यामुळे उजवी स्लाइड खरोखर अर्धा एमएम खाली राहिली. स्लाइडबरोबर नीडलही अर्धा एमएम खाली. डावा दरवाजा उघडून कामाला लागला तरी उजवा अजून कडी काढतोय. वर गेल्यावर अर्ध्या एमएमला किंमत उरत नाही, म्हणून पूर्ण पिळल्यावर गाडी निर्दोष. तुमच्या चिकटपट्टीने हेच सांगितलं होतं, मला ऐकायला दोन दिवस उशीर झाला.

टूलरूममध्ये आमचे फोरमन नवीन पोराच्या डोळ्यांवर रुमाल बांधून दोन ब्लॉक हातात द्यायचे, कुठला मोठा सांग म्हणून. डोळ्याला सारखं दिसलं की माणूस मोजायचं थांबतो.

---

वाचनमात्र | गुरुवार, सकाळी ९:००

नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखं वाचतोय. ऑफिसची लोकल चुकली.

---

गायमुखचा_भुंगा | गुरुवार, सकाळी ९:३०

पण मग एअर स्क्रू घट्ट करून आयडल धरत कसा होता?

---

नेरुळकरीण | गुरुवार, सकाळी १०:१२

स्लो जेटची पाळी आहे ना ती. स्क्रू आत घालून त्यांनी आयडल रिच केलं, त्यामुळे उभ्या गाडीत चाललं. रेस दिल्यावर पाळी बदलली, तिथे स्क्रूचा हात पोचत नाही. एका कारागिराची चूक दुसऱ्याच्या पगारातून कापली.

कोपरीकर, २.० ची स्लाइड माझ्याकडे एक आहे. बिस्किटाच्या डब्यात जेट, वायसर आणि देव जाणे कशाकशाबरोबर. कॅलिपरने मोजली, घासलेली नाही. रविवारी नेरुळला या. नवीन बॉडीत जुनी स्लाइड ढिली बसत नाही ना तेवढं बघा. वरखाली करताना खडखडली तर बाजूने हवा जाते, मग परत हाच खेळ.

---

कोपरीकर | गुरुवार, सकाळी १०:२०

ताई, किती द्यायचे?

---

नेरुळकरीण | गुरुवार, सकाळी १०:२५

येताना ठाण्याहून मामलेदारची मिसळ बांधून आणा. तिखट. आणि तर्री वेगळी.

---

ढकलस्टार्ट | गुरुवार, सकाळी १०:३१

ताई, माझ्याकडेही बिस्किटाचा डबा आहे. मिसळ कुठे मिळेल?

---

टूलरूमकाका | गुरुवार, दुपारी ४:००

नवीन स्लाइड घातल्यावर क्रम चुकवू नका. आधी दोन्ही एअर स्क्रू दीड फेऱ्यावर. दोन्ही केबलचा ढिलेपणा सारखा. बिट घालून दोन्ही आयडल स्क्रू सारखे. मग अॅक्सिलरेटर हळूच पिळून, एकेक बोट दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात घालून बघा, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. बोटाला टॉर्चपेक्षा जास्त कळतं. (इंजिन बंद ठेवून, हे सांगावं लागतं.)

गाडी गरम झाल्यावर एका बाजूचा प्लग काढून, त्याच्या केबलच्या टोपीत दुसरा प्लग घालून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. केबल मोकळी लोंबकळत ठेवू नका, कॉइल जाते आणि झटकाही बसतो. एका सिलिंडरवर चालवा, मग दुसऱ्यावर. दोघांनी एकेकट्याने सारखाच आवाज द्यायला हवा. त्यासाठी आयडल थोडं वर न्यावं लागेल, नंतर दोन्ही स्क्रू सारखेच उतरवा.

आणि शेवटी तेलाचा पंप. आरडीत अॅक्सिलरेटरची एक केबल पुढे तिघांत वाटली जाते, दोन कार्बोरेटर आणि एक पंप. कार्बोरेटरच्या केबलला हात लावलात की पंपाच्या पुलीवरची खूण परत जुळवलीच पाहिजे. ही गोष्ट विसरून इंजिनं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक मीच, पण तो विषय वेगळा.

---

गायमुखचा_भुंगा | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

चाचणीला येऊरच्या जंगलात नेऊ नका. तिथे गेटही आहे आणि बिबट्याही, आणि टू-स्ट्रोकचा आवाज दोघांनाही आवडत नाही. पाम बीच रोडवर 'फक्त एकदाच पूर्ण पिळून प्लग बघतो' हेही नको, तिथे कॅमेरे आहेत. तुमची तक्रार पावाच्या आतली आहे, त्याला तीन हात नाक्याचा सिग्नल पुरतो.

---

कोपरीकर | रविवार, रात्री ८:३०

आज सकाळी मिसळ घेऊन नेरुळला गेलो, स्लाइड घेऊन आलो. ताईंच्या यजमानांनी अर्धी तर्री संपवली, त्याची नोंद असावी.

बसवली. खडखड नाही. ३ चा बिट दोन्हीकडे सारखा घासत गेला. एअर स्क्रू : डावा दीड, उजवा दीडला थोडा कमी. पंपाची खूण जुळवली. दुसऱ्या किकला सुरू.

संध्याकाळी कोपरीतून निघून तीन हात नाका, नितीन कंपनी, माजिवडा आणि परत. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी गपचूप निघाली. आधी दोन सायलेन्सर दोन वेगळ्या गोष्टी सांगायचे, आता एकच टर्रर्र. माजिवड्याला शेजारी स्कूटरवर एक काका होते. काच खाली करावी तसं हेल्मेट वर केलं आणि म्हणाले, "एचटी की एलटी?" म्हणजे आरडीचा हाय टॉर्क प्रकार की लो टॉर्क. मी म्हटलं, दोन्ही, थोडी थोडी.

मेन जेट एक नंबर वर चढवून बघणार आहे, सावकाश. शंभरनंबरी, तुमचा मान राखतो.

एकच गोष्ट. परत आल्यावर रेस दिली तर उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. दहा मिनिटांनीही थांबला नाही. डावीकडे अजिबात नाही. आधी उजवा नीट चालतच नव्हता, म्हणून लक्षात आलं नसावं. वासही टूटीसारखा नाही, वेगळाच आहे.

---

नेरुळकरीण | रविवार, रात्री ८:४४

क्लचच्या बाजूचं सील. बीपीच्या यंत्राने उजवं २९० दाखवलं होतं, पण ते थंड इंजिन होतं आणि आतून बाहेर दाब होता. चालताना सील उलट्या बाजूने ओढलं जातं.

---

टूलरूमकाका | रविवार, रात्री ८:५०

गिअरबॉक्सची तेलाची पातळी आत्ता, या क्षणी बघून सांगा. किती घातलं होतं आणि किती उरलंय.

---

कोपरीकर | रविवार, रात्री ९:०५

मोजपात्र घेऊन खाली चाललोय. बायकोला सांगितलं नाहीये.